एकास आठ

बाबा शिझुओकातल्या एका प्लास्टिक मॉडेलच्या कारखान्यात साचे घासायचे. निवृत्त झाले तरी अंगठ्याची कातडी पॉलिश कागदासारखीच राहिली.

ऑक्टोबरात चहाच्या मळ्यांमधल्या वळणावर दादाची पांढरी गाडी दरीत गेली. दादा, म्हणजे काझुमा, तिच्यातच होता. जानेवारीत बाबांनी त्याच गाडीचं मोठं किट आणलं. एकास आठ प्रमाण, सहाशे भाग, चाकांना खऱ्या स्प्रिंगा.

रविवारी मी मदतीला जायची. माझ्या प्रयोगशाळेतून बाद झालेला वजनकाटा मी त्यांना दिला होता. प्रत्येक टप्प्यावर गाडीचं वजन मी वहीत लिहायची. दादाच्या गाडीत जे होतं तेवढंच बाबा बसवत. डाव्या दारावरचा ओरखडासुद्धा त्यांनी सुईने काढला. मागची सीट मात्र सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीतून कापलीच नाही, कारण दादाने खऱ्या गाडीतली काढून टाकली होती. "मागे बसून तू माझ्या गाण्यांना नावं ठेवतेस," मला म्हणायचा.

ऑगस्टमध्ये ओबोन आला, गेलेली माणसं चार दिवस घरी येतात तो सण. दादाचा पहिलाच.

"बाबा, काकडी आणू ना? त्याला यायला घोडा करायला?"

"घोड्यावर बसून येईल तो? चालत येईल एक वेळ. ही गाडी ठेव त्याच्या फोटोपुढे."

"बरं. आणि वांगं? परत जायला बैल नको?"

बाबांनी दारावरची धूळ फुंकली. "जायची घाई कुणाला आहे?"

तेरा तारखेच्या दुपारी गाडीचं वजन ३४१२ ग्रॅम होतं. संध्याकाळी दाराशी स्वागताचा विस्तव केला, आत आलो, तर गाडी उजवीकडे किंचित कललेली. आमच्याकडे चालक उजवीकडे बसतो.

मी वजन केलं. ३५३७.

रंग वाळताना वजन घटतं, वाढत नाही. काटा तपासला, पुन्हा केलं. एकशे पंचवीस ग्रॅम जास्त. लांबी आठपट तर वजन आठ गुणिले आठ गुणिले आठ, पाचशे बारा पट. मी गुणाकार केला आणि वही मिटली.

दादा चौसष्ट किलोचा होता.

"जेवला असेल का गं तो?" बाबांनी विचारलं. ते स्वतः दोन घास खाऊन उठले होते. रोज तेवढंच खात होते. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायचं. दादा परत गेला नाही तर बाबाही राहणार नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं.

सोळा तारखेला निरोपाचा विस्तव करायचा असतो. बाबांनी केला नाही. मी गुपचूप वांग्याला चार काड्या टोचून बैल केला आणि गाडीच्या मागे ठेवला.

संध्याकाळी माझ्या ताटात भाजलेलं वांगं होतं, सोयाबीनचा मिसो लावून. चार काड्या मोरीत पडल्या होत्या.

"खा," बाबा म्हणाले. "चांगलं झालंय."

मी खाल्लं.

नोव्हेंबरात एका दुपारी ते कामाच्या खुर्चीतच गेले. आदल्या आठवड्यातल्या तपासणीच्या कागदावर वजन होतं ५१.२ किलो.

बाबा गेल्यावर पस्तिसाव्या दिवशी मी घर आवरायला गेले. गाडी फोटोपुढेच होती. आता ती कलली नव्हती. दोन्ही बाजू सारख्या दबल्या होत्या.

काट्यावर ठेवली. ३६४३.

एकशे सहा ग्रॅम जास्त. त्यातले शंभर गुणिले पाचशे बारा, म्हणजे बाबा; वरच्या सहांचा हिशेब लागेना.

मी तिथेच बसून रडले. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. दोघं बरोबर होते.

मग काचेतून आत पाहिलं.

किटचा खोका उघडला. शेवटच्या चौकटीत एकच भाग उरलेला असायचा. आता चौकट रिकामी होती. तो भाग बाबा कापत तसाच, अगदी कडेने कापलेला.

मागची सीट बसवलेली होती. तिचा पट्टा उघडा होता.