कोरी एकटी राहत नाही

"एकच द्या," रेणुका म्हणाली. "तो मिशीवाला. तळाची घाण खातो ना, तो."

"एक नक्को!" मागून आवाज आला. "एकटी झुरून मरेल ती."

तिने वळून पाहिलं. नारायणगुड्यातल्या त्या अरुंद माशांच्या दुकानात एक उंच तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात पाण्याने टम्म फुगलेली पिशवी, आणि पिशवीत ठिपक्याठिपक्यांचे, बोटभर लांबीचे मिशाळ मासे.

"दुकान तुमचं?"

"नाही हो. मी हे परत द्यायला आलोय. राज्याचे दोन भाग झाले, आमचं ऑफिस आंध्राच्या वाट्याला गेलं. दोन महिन्यांत विजयवाड्याला बोजाबिस्तरा. यांना तो प्रवास झेपायचा नाही… आणि इथे ठेवले तर एकेक करून विकले जातील."

"मिशांवर फारच जीव दिसतो!"

"कोरी म्हणतात यांना. आणि त्या काही झाडूवाल्या नाहीत, खायला घालावं लागतं. खाली बारीक वाळू हवी, टोकदार खड्यांनी मिशा झिजतात. आणि घोळका तर हवाच."

"बाई गं! मी मासा घ्यायला आलेय की सोयरीक जुळवायला?"

बोलून गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो मात्र मनापासून हसला. त्या हसण्यापायी म्हणा, की माशांच्या दयेपोटी म्हणा, रेणुकाने सगळी पिशवीच घेतली. वर फोन नंबरही घेतला… माशांसाठी!

त्या तरुणाचं नाव अनंत. तो अंबरपेठेत आत्याकडे, इंदुताईंकडे राहायचा. पुढच्याच रविवारी तो चाळलेली वाळू घेऊन हिमायतनगरला तिच्या घरी हजर झाला. रेणुकाचे वडील मुकुंदराव, निवृत्त वकील. त्यांनी हौसेने आणलेले चकचकीत निळे खडे अनंतने मुकाट्याने बाहेर काढले. मुकुंदराव तासभर फुगून बसले, मग हळूच खुर्ची टाकीजवळ ओढून घेतली.

दोन दिवसांनी सकाळीच रेणुकाचा फोन गेला. "लवकर या! मासे गुदमरतायत, उसळी मारून वर येतायत!"

तो आला तेव्हा एका गालावर दाढीचा साबण तसाच होता. टाकीत डोकावून म्हणाला, "टेन्शन नक्को. हवेचा घोट घ्यायला येतात वर. सवयच आहे त्यांची."

"म्हणजे मी उगीच…"

"उगीच कुठे? मला चहा मिळेल ना!"

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा फोन केला. "मासे वर येतायत."

"फार गंभीर आहे का?"

"फारच."

"निघालोच!"

चहा, चांद बिस्किटं, आणि वाळूत मिशा खुपसून फिरणाऱ्या कोरी. टाकीच्या काचेत दोघांची नजर भिडायची आणि दोघंही घाईघाईने माशांकडे बघायचे. रेणुका प्रेमात पडली होती, आकंठ. तोही पडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण विजयवाड्याचा विषय निघाला की मुकुंदराव छाती फुगवून सांगत, "राज्यं बदलली, पण आमचं घर हैदराबादेतून हललं नाही!" मग अनंतच्या ओठांवर आलेलं परत घशात जायचं. अशाने तो न बोलताच निघून जाणार होता, आणि ती इथे मासे मोजत बसणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला येणार होता. त्याआधीच रेणुका वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, मला अनंतशी लग्न करायचंय. मी विजयवाड्याला जाणार."

मुकुंदरावांनी पेपर खाली ठेवला. "छप्पन साली भाषावार राज्यं झाली, तेव्हा सुलतान बाजारातली निम्मी मराठी घरं मुंबईला, औरंगाबादेला गेली. तुझ्या आजोबांना तर मुंबईत बढती मिळत होती. हलले नाहीत! आणि तू…"

"का हलले नाहीत, बाबा?"

"का म्हणजे? आपलं हैदराबाद…"

"आजीची शाळा इथे होती. ती सोडायला आजी तयार नव्हती. तुम्हीच सांगितलंय मला. आजोबा शहरासाठी नाही, आजीसाठी थांबले. मी त्यांचीच नात आहे."

मुकुंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. डोळे भरून आले होते.

"अशी उलटतपासणी कुठे शिकलीस गं?"

"तुमच्याकडेच."

"मुलाला विचारलंस?"

"अजून नाही."

"कमाल आहे! मग माझ्यासमोर काय उभी आहेस?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात अनंत, चेहरा उतरलेला. "पाणी दर आठवड्याला थोडंथोडं बदला. आणि वाळू…"

"वाळूचं, कोरींचं सगळं बाबा बघतील. मी येतेय."

"कुठे?"

"विजयवाड्याला, तुमच्याबरोबर. तुमची हिंमत होईना, म्हणून मीच सांगते. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

अनंत दाराची चौकट धरून उभा राहिला. "मी… मी रोज ठरवत होतो, की आज तरी…"

"आता नुसतं हो म्हणा."

"हौ!" तो ओरडलाच. "हौ, हौ, हजार वेळा हौ!" शेजारचं दार उघडलं, वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. रेणुकाने त्याचा हात सगळ्यांदेखत घट्ट धरला आणि सोडला नाही.

"लग्न काय जिन्यात ठरवताय?" आतून मुकुंदराव गरजले. "आत या! आणि इंदुताईंना फोन लावा, बोलणी आजच!"