पाव गेला, मासे गेले, बोट राहिली

"पाववाला गायब, मासळीवाली गायब! हा योलान्ताचाच उद्योग," संपादक तूर्लाइफ ओरडला.

बर्गेनहून तपासाला आलेल्या ओद्रुननं कोटही काढला नाही. गावच्या ऑनलाइन वृत्तपत्रातली दुकानांच्या वेबपत्त्यांची यादी तिनं उघडली. पावाचं brødboden नाही. मासळीचं sjømat नाही. बोटदुरुस्तीचं båthuset मात्र जागच्या जागी.

"पत्ते गाळतं कोण?"

"माझा प्रोग्राम," योलान्ता म्हणाली. ती पोलंडहून आलेली. "पायथनमधली एक ओळ आहे. वेबपत्त्यासारखं दिसेल ते ठेवते, बाकीचं टाकते. मी तिला हात लावलेला नाही."

"शुक्रवारी तिच्याच संगणकावरून बदललीय," तूर्लाइफ म्हणाला. "सुपरमार्केटवाल्यांनी हिचे हात ओले केले असणार. आजच नारळ देतो!"

योलान्ताच्या मनात आलं: नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण लाचखोर म्हणून या एवढ्याशा गावात तोंड कसं दाखवायचं?

"शुक्रवारी तू कुठे होतीस?" ओद्रुननं तिला विचारलं.

"सगळ्यांसाठी वॅफल भाजत होते. पासवर्ड तर भिंतीवरच चिकटवलाय."

"माझ्याकडे बघू नकोस," तूर्लाइफ घाईनं म्हणाला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ओद्रुननं पडद्यावरची ती ओळ वाचली आणि दोघांपुढे कोरे कागद सरकवले. "आपली सगळी नॉर्वेजियन अक्षरं लिहा. अगदी थोडक्यात."

योलान्तानं लिहिलं: a-zæøå. तूर्लाइफनं लिहिलं: a-å.

"बदललेल्या ओळीत हेच आहे," ओद्रुन त्याचा कागद उचलत म्हणाली. "शाळेत आपण शिकलो, å शेवटचं. म्हणून a ते å म्हणजे सगळी अक्षरं, असं इथे वाढलेल्यालाच वाटतं. पण संगणक आपल्या शाळेत गेलेला नाही. त्याच्या क्रमात å आधी येतं. æ आणि ø त्याच्यानंतर. ती दोन्ही बाहेर राहिली. ø असलेला पाव गेला, मासे गेले; å असलेली बोट राहिली. योलान्ताची अक्षरमाला å वर संपत नाही. आपली तिन्ही अक्षरं ती एकेक करून लिहिते."

तूर्लाइफचा चेहरा पडला. "ओळ फार लांबडी होती... जरा आटोपशीर केली. बिघडेल असं वाटलं नव्हतं."

"आणि बिघडल्यावर तिचं नाव घेतलंस."

योलान्तानं ओळ दुरुस्त केली. पाववाला यादीत परत आला, पाठोपाठ मासळीवाली.

"यापुढे शुक्रवारची वॅफल तू भाजायची, तूर्लाइफ," ती म्हणाली. "मी या खुर्चीतून उठणार नाही."