तिसरा टॅग

ही घटना खरी आहे. सिंगापूरच्या मरीन परेडला राहणारा निशिकांत खोटं बोलणाऱ्यातला नाही. एकदाच बोलला. नंतरची सगळी त्या एकाला सांभाळायला.

गेला सप्टेंबर. डॅन्यूब नदी. दुपारचे चार, लख्ख ऊन. भुतांनी रात्री यायचं असतं, हे त्याच्या आईला कुणी सांगितलं नसावं.

आई जूनमध्ये सिंगापूरलाच वारली. "मला रामकुंडात सोड रे," एवढंच तिचं मागणं. बहीण सुलेखा अमेरिकेत. तिने सगळं दादावर सोपवलं. दादाची रजा दहा दिवसांची, आणि क्रूझ वर्षभर आधी बुक केलेली.

"सगळ्या नद्या शेवटी गंगाच," तो बायकोला म्हणाला.

"हे आईंना विचारलंत?" नीता म्हणाली.

सकाळी, बोट चालू असताना, त्याने केबिनच्या खिडकीतून अस्थी सोडल्या. सुलेखाला मेसेज केला : रामकुंडात झालं.

दुपारी दोघं एका गावात उतरली. किल्ला पाहिला, आइस्क्रीम खाल्लं.

बोटीचा नियम साधा. उतरताना बोर्डावरचा आपला टॅग न्यायचा, परतल्यावर लावायचा. सगळे टॅग लागल्याशिवाय बोट सुटत नाही.

चार वाजले. बोट सुटेना...

"केबिन २१४, तुमचं एक माणूस बाहेर आहे," रिसेप्शनवरची मुलगी इंग्रजीत म्हणाली.

"आम्ही दोघंच आहोत."

"तुमच्या आई. तुमच्या मागोमागच उतरल्या. साडी ओली होती..." मुलगी जरा ओशाळली. "रामकुंड कुठे, विचारत होत्या. मी म्हटलं, ते आपल्या टूरमध्ये नाही."

२१४ खाली तीन हुक होते.

तिसरा रिकामा...

मुलीने कागद पुढे केला. 'आमच्यासोबत आणखी कुणी नाही.' निशिकांतने सही केली. नीताने मान फिरवली.

बोट सुटली. धक्का रिकामा होता. फक्त ओली पावलं... अगदी काठापर्यंत आलेली.

सिंगापूरला फ्लॅटचं दार उघडलं. किल्ल्यांच्या हुकावर एक टॅग लटकत होता.

२१४. ओला.

टॅग लागला, म्हणजे माणूस परत आलं.

तेवढ्यात सुलेखाचा फोन.

"दादा, रामकुंडातच सोडलंस ना रे आईला?"

"हो."

आईच्या बंद खोलीतून घसा खाकरल्याचा आवाज आला... लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच खाकरायची.

"कोण रे ते?"

"टीव्ही," निशिकांत म्हणाला.

सुलेखाला उद्या खरं सांगायचं, असं त्याने ठरवलंय. सप्टेंबरपासून रोज ठरवतोय.

टॅग तो रोज सकाळी पुसतो. संध्याकाळी ऑफिसातून येऊन हात लावून पाहतो...

ओलाच असतो.