चौथ्या पायाचा जॉइंट

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी पहिल्यांदाच एकटी गेले, ती हातात चौकोनी पाइपचा तुकडा घेऊन. त्याच्या तोंडात प्लास्टिकचा जॉइंट अडकून बसला होता... ना आत, ना बाहेर.

"कशानं ठोकलात?" दुकानातल्या तरुणानं विचारलं.

"वरवंट्यानं."

तो हसला नाही. ओठ मात्र घट्ट मिटले.

संध्याकाळी सहाला सुकापूरच्या आमच्या देवळात कीर्तनसप्ताह बसणार होता. देवाच्या तसबिरीसाठी मखराची चौकट मीच करते, मांडववाला नको, असं भजनी मंडळाच्या गुणामावशींना मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आता चौकट उभी राहिली नाही, तर देव कुठे बसणार आणि मी तोंड कुठे लपवणार?

"कापल्यावर आत धार राहते, तीच अडवते. आधी कानस मारा, मग जॉइंट," तो म्हणाला. मी देवळाची अडचण सांगितली, तेव्हा माझा चेहरा बघून पुढे म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत येतो मी. मोनाली ना? पिशवीवर लिवलंय."

दुकानातला तो तरुण, ओवे गावचा शैलेश, रबरी हातोडी घेऊन खरंच देवळात आला. मी कानस मारायची, तो ठोकायचा... टप, टप. तीन पाय झाले. चौथा मी ठोकायला घेतला, आणि बघत होते भलतीकडेच—त्याच्या कपाळावर आलेल्या केसांकडे. जॉइंट तडकला.

"दुसरा नाय," तो शांतपणे म्हणाला. "मी बसतो मागं, पाय धरून. पण मला कीर्तनात झोप येते हां."

"झोपलात तर मखर देवावर पडेल."

राजकन्येनं देवाला पत्र धाडलं ती कथा उत्तररंगात सांगतो, असं म्हणून बुवांनी पूर्वरंग संपवला. रिवाजाप्रमाणे गावातल्या एका जोडप्यानं बुवांना हार घातला. बुक्का लावत लावत मी मखरामागे गेले. शैलेश टक्क जागा.

"राजकन्येचं पत्र पोचलं काय?" त्यानं हळूच विचारलं.

"उत्तररंगात कळेल," म्हणत मी त्याच्या कपाळाला बुक्का लावला. बोट जरा जास्तच वेळ टेकलं असावं... तो पाइपला घट्ट धरून बसला.

सातही दिवस तो आला. "जॉइंट आलाच नाय दुकानात," रोज हेच. सातव्या दिवशी काला झाला. प्रसाद बांधून घ्यायला त्यानं खिशातून रुमाल काढला, आणि एक कोरा जॉइंट माझ्या पायाशी घरंगळत आला.

"हा कधीचा?"

"पयल्या दिवशीचा," तो खाली बघत म्हणाला. "पाच आणले होते."

"आणि सात दिवस नुसते पाय धरून बसलात?"

"बुक्का रोज लागत होता ना."

मी जॉइंट उचलून चौथ्या पायाच्या तोंडावर ठेवला. "ठोका."

"आता? आता तर मखर सोडायचं हाय."

"पुढच्या वर्षी लागेल. तेव्हा तुम्हाला मागे बसता येणार नाही," मी म्हणाले, "बुवांना हार घालायचा आहे... जोडीनं."

हातोडी खाली आली. जॉइंटवर नाही, त्याच्या अंगठ्यावर. आणि तो अंगठा चोखत हसतच राहिला.