चालकाचे शब्द

कंपनीने आपल्या प्लग-इन हायब्रीड गाडीचं रूप बदललं होतं, आणि ते नवं रूप ड्रायव्हर लोकांना कितपत पचतंय हे टिपायचं काम भीमराज ओव्हाळकडे आलं होतं. काम सोपं. रोज एक ड्रायव्हर यायचा, महाळुंग्याच्या गेटातून गाडी काढायचा आणि निघोजे, कुरुळी फाटा करून दीड तासाने परत आणायचा. भीमराजने मागच्या सीटवर डाव्या हाताला बसायचं आणि तो बोलेल ते फॉर्मात उतरवायचं. नियम दोनच. चालकाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि त्याच्या बोलण्यात दुरुस्ती करायची नाही. चालक म्हणाला गाडी हिरवी, तर हिरवी लिहायची, मग ती दुधासारखी पांढरी का असेना.

ड्रायव्हर तरी काय एकेक नमुने! एक म्हणाला, "सगळी बटणं त्या पाटीवर नेली. आता एसी लावायला रस्ता सोडून टीव्ही बघू का?" दुसऱ्याला पुढच्या दिव्यांची सलग पट्टी बघून नवरदेवाच्या मुंडावळ्या आठवल्या. सगळ्यांची मुख्य तक्रार मात्र एकच होती. चार्ज केलेली गाडी आधी बॅटरीवर पळायची, आणि या नव्या गाडीत तेव्हा काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. बॅटरी उतरली की मग पेट्रोलचं इंजिन जागं व्हायचं. "चालू हाय का बंद, कळायला मार्ग नाय राव," एकजण म्हणाला. भीमराजने मुंडावळ्यांसकट सगळं लिहिलं.

त्या शांततेचं भीमराजला नवल नव्हतं. तसलीच शांतता कुरुळीतल्या त्याच्या दोन खोल्यांत तीन वर्षं मुक्कामाला होती, बायको, मिनल, गेल्यापासून. मुलगी मैत्री बंगळुरूला, तिचा फोन आठवड्यातून एकदा. एरवी घर नुसतं खायला उठायचं. खोटं कशाला सांगा, कुकरची शिट्टी झाली तरी त्याला कुणी बोलल्यासारखं वाटायचं.

मंगळवारी हनीफभाई आले. वीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवलेला, तोलून बोलणारा माणूस. कुरुळी फाट्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "गाडी उत्तम. पण मागचा एसी थेट अंगावर येतो. भाभींना गार लागतंय बघा, पदर लपेटून बसल्यात."

भीमराजने उजवीकडे पाहिलं. सीटवर त्याची डब्याची पिशवी होती. दुसरं कुणी नव्हतं.

'हनीफभाई, मागे मी एकटाच आहे,' हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण दुरुस्ती करायची नाही म्हणजे नाही. त्याने लिहिलं, 'मागचा एसी थेट अंगावर येतो. भाभींना गार लागतंय.' थोड्या वेळाने पेट्रोलचं इंजिन घुरघुरलं आणि हनीफभाई गिअरबद्दल बोलू लागले, भाभींचं नाव पुन्हा निघालं नाही. परतल्यावर त्यांनी फॉर्म न वाचताच खाली सही केली.

बुधवारी लातूरकडचा एक ड्रायव्हर होता. त्याची आणि हनीफभाईंची ओळखदेख नव्हती. निघोज्याच्या खड्ड्यांत त्याने गाडी अगदी हळू घेतली. "बाईमाणूस मागं असलं की जपूनच चालवावं वाटतंय," तो आपणहून म्हणाला.

त्या दिवशी भीमराजचं अक्षर बिघडलं.

घाबरला का? घाबरला ना. पण घरी गेल्यावर त्याला कळलं की आपल्याला आनंदच जास्त झालाय. मिनल! दुसरं कोण असणार? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि हा तर तीन वर्षं नाकातोंडात पाणी घेत होता.

गुरुवारी त्याने पिशवी पायाशी ठेवली आणि शेजारची जागा हाताने पुसली. ड्रायव्हरने आरशात पाहून मान अदबीने झुकवली. भीमराजने हळूच सीटवर हात ठेवला आणि तो तासभर तसाच राहू दिला. सीट सीटसारखीच लागली. त्याला ड्रायव्हर लोकांचा हेवा वाटू लागला. ज्याचं माणूस त्याला दिसेना, आणि या उपऱ्यांना दिसतंय!

त्यात शुक्रवार शेवटचा. चाचणीच्या गाड्या कंपनी विकत नाही, चेपून भंगारात देते. ही गाडी शनिवारी सकाळी जाणार होती, आणि एकदा ती गेली की शेजारची बाईही गेली, असं भीमराजच्या मनाने घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी रणजीत नावाचा ड्रायव्हर गाडीवर होता. कुरुळी फाटा मागे पडला. बॅटरी संपत आली होती. इंजिन जागं झालं की हाही आधीच्या तिघांसारखा बाईंना विसरणार, हे माहीत असल्याने भीमराजने नोकरीत पहिल्यांदा नियम मोडला.

"रणजीत, बाई कशा दिसतात?"

रणजीतने आरशात पाहिलं. "असं काय विचारता राव? तुमच्याच मिसेस ना?"

"सांग तरी."

"उंच आहेत. डोकं छताला टेकलंय त्यांचं. केस मोकळे. तोंड काय दिसत नाय."

"का?"

"तुमच्याकडं वळलेलं आहे. निघाल्यापासून तुमच्याकडंच बघतायत."

मिनल भीमराजच्या खांद्यालाही पुरत नव्हती. आणि अंबाड्याशिवाय ती कधी दारातही गेली नव्हती.

इंजिन घुरघुरलं. रणजीत ब्रेकबद्दल बोलू लागला.

भीमराजने एक शब्द लिहिला नाही.

गाडी गेटाच्या आत येऊन थांबली. रणजीत चावी द्यायला ऑफिसात गेला.

आता उतरायचं, दार लावायचं आणि मागे न बघता चालू पडायचं. एवढं केलं की सुटलो, हे भीमराजला पक्कं ठाऊक होतं. तो उतरला. दार लावलं. चार पावलं चाललाही.

मग त्याला घराचं कुलूप आठवलं. संध्याकाळी उघडायचं, सकाळी लावायचं. मधे कुणीच नाही.

तो वळला. गाडीला वळसा घालून त्याने उजवीकडचं मागचं दार उघडलं आणि अदबीने बाजूला उभा राहिला.

"या," तो म्हणाला. "घरी चला."

पार्किंगमध्ये त्याने दुचाकीची मागची फूटरेस्ट उघडली. कुरुळीपर्यंत एक खड्डा चुकवायचा सोडला नाही.

घरी काहीच झालं नाही. शनिवार गेला, रविवार उतरणीला लागला. घर होतं तसंच मुकं. आपण खुळे, असं म्हणत भीमराज संध्याकाळी दूध घेऊन परतला, तर घरमालकाची म्हातारी आई सुभद्राबाई अंगणात तांदूळ निवडत बसलेली.

"भीमराव, मंडळी आणली आन सांगितलं न्हाई व्हय?"

भीमराज जागीच थांबला. "कुठे आहे?"

"आता तुमालाच ठावं न्हाई? शुक्रवारपास्नं तितं वरच्या पायरीवर बसून हाय. तुमी आत जाता आन धाडकन दार लावता. बायमानसाला असं भाईर ठिवत्यात का?"

भीमराज अक्षरशः शरमला. तीन वर्षांची सवय. आत शिरलं की दार लावायचं, मागून कुणी येत नसतं.

तो जिना चढला. वरची पायरी रिकामी होती. तरी तिथे पाय न देता त्याने ती ओलांडली, कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि उंबऱ्याच्या आतच भिंतीला चिकटून उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "या."

त्याने बराच वेळ वाट पाहिली.

"आल्या का आत?" त्याने खाली विचारलं.

"आल्या की," सुभद्राबाई तांदळातून मान वर करून म्हणाली. "तुमच्या खांद्यावर हात ठिवून हुबी हाय. लावा आता दार."

भीमराजला काहीच जाणवलं नाही. सवयीने त्याने उजवा खांदा जरा खाली केला, मिनलचा हात पोचावा म्हणून करायचा तसा.

मग त्याला छताला टेकलेलं डोकं आठवलं. त्याने खांदा पुन्हा सरळ केला, होईल तेवढा उंच, आणि आतून कडी घातली.