‘बस’नंतरचा एक हात

खोकी बांधायला चिकटपट्टी हवी होती, म्हणून वहिनी त्या दुपारी वर्कशॉपमध्ये आली. दादा गेल्यापासून चार महिन्यांत ती पहिल्यांदाच आत येत होती. दारातच चपला काढून उभी राहिली, परक्याच्या घरी आल्यासारखी. मी रीळ दिलं. ते हातात घेऊनही ती निघेना.

“भावोजी, ते अजून तसंच आहे?”

लेथवर पोतं टाकून झाकलेलं लाकडी भांडं तिने बघितलं होतं.

“तसंच आहे.”

“रविवारी मी लेकीकडे जातेय, कायमची. जाताना ते न्यायचंय मला. ह्यांचं शेवटचं काम ते. पुरं करून द्याल?”

मी हो म्हटलं. नाही म्हणण्याइतकंही मला काही वाटत नव्हतं. त्या चार महिन्यांत मी जेवत होतो, झोपत होतो, ताटल्या आणि वाडगे कातत होतो, चार लोक हसले की हसत होतो. आतून मात्र सगळं सुन्न होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं. तुम्ही म्हणाल, मग त्यात सांगण्यासारखं काय? तेच सांगतोय.

लेथवर लाकूड गरगर फिरत असताना हत्याराने कोरून उघडा वाडगा कातणं सोपं. आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. हे भांडं पोटाला फुगीर आणि तोंडाला जेमतेम दोन बोटं. अशा भांड्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. वाकड्या टोकाचं लांब हत्यार तोंडातून आत घालायचं आणि भांड्याची भिंत आतून पातळ करत जायची. किती उरली ते आवाजावरून ओळखायचं. जाड असली की आवाज घुमतो, पातळ होत गेली की बारीक होतो. आणि माझा डावा कान करवतीच्या मशीनने केव्हाच खाल्ला होता, उजवा जेमतेम बोलण्यापुरता उरला होता. म्हणून हत्यार माझ्या हातात आणि कान दादाचे, अशी आमची जोडी. तो माझ्या उजव्या खांद्यामागे उभा राहायचा आणि वेळ आली की म्हणायचा, “बस.”

दादा स्वभावानेच हातचं राखणारा. त्याचं ‘बस’ नेहमी थोडं आधी यायचं. मग मी आणखी एक हात फिरवायचो आणि तेव्हा कुठे भिंत हवी तशी यायची. वीस वर्षांत एक भांडं फुटलं नाही. “तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,” तो म्हणायचा. “पालथा आहे म्हणून तर फुटत नाही,” मी म्हणायचो.

त्या दिवशी हेच भांडं लेथवर होतं. दादा म्हणाला, “बस.” मी एक हात फिरवला. तो पुन्हा म्हणाला, “बस,” जरा हळू. मला भिंत जाडच लागत होती. मी आणखी फिरवला, आणखी फिरवला. “बस... बस...” पाच मिनिटं तरी गेली असतील. शेवटी वैतागून मशीन बंद केलं आणि वळलो, तर तो खाली ढलप्यांमध्ये बसला होता, खोलीच्या भिंतीला टेकून. एक हात छातीवर. डोळे माझ्या पाठीकडे.

डॉक्टर वहिनीला म्हणाले, पाच मिनिटं आधी आणलं असतं तर... मी वहिनीला सांगितलं, एकदम कोसळला, एक शब्दही बोलला नाही. ती “बरं” म्हणाली. बहिरा मी आधी होतोच, त्या दिवसापासून बधिरही झालो.

गुरुवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी पोतं काढलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. लाकूड जुनं, मुरलेलं, चार महिन्यांत जरासुद्धा वाकलं नव्हतं. मशीन सुरू केलं आणि तो वास आला, गोडसर, किंचित जळका. आता कान नव्हते, म्हणून जपून काम चाललं होतं. दोन हात फिरवायचे, मशीन बंद करायचं, वाकवलेली तार आत घालून जाडी बघायची. हे फुटलं तर वहिनीला द्यायला दुसरं काही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला डाव्या कानात शब्द आला.

“बस.”

वीस वर्षं त्या कानात काही शिरलेलं नाही. मी थांबलो. तार घालून पाहिली. भिंत केसभर जाड होती, म्हणजे दादाच्या मापाने बरोबर. सवयीने हात पुढे सरकला, तो मी मागे ओढला. आता त्याच्या शब्दानंतर एकही हात फिरवायचा नाही, असं ठरवलं. भीती वाटली नाही. 

खाली सरकलो. “बस.” थांबलो. आणखी खाली. “बस.” थांबलो. पोटाचा भाग पुरा झाला, तळ तेवढा राहिला. मी हत्यार बाकावर ठेवून हात पुसले. मशीन बंद होतं.

“बस...”

मी तसाच उभा राहिलो.

“बस...”

तेव्हा मला कळलं. तो ‘पुरे’ म्हणत नव्हता. ‘खाली बस’ म्हणत होता.

पाय आपोआप वाकले. मी भिंतीला टेकून ढलप्यांमध्ये बसलो, नेमका तिथेच. छातीवर भरलेलं पोतं ठेवल्यासारखं जड झालं. आणि वर मशीन सुरू झालं.

लेथपाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. माझा निळा शर्ट, कॉलर विरलेली. माझ्याच चपला, टाचेला झिजलेल्या. कोपर सावकाश पुढे-मागे होत होतं. मला ओरडायचं होतं, अरे, मशीन बंद कर, मला उचल, एकदा वळून बघ... तोंडातून एवढंच निघालं.

“बस...”

त्याने एक हात फिरवला.

“बस...”

त्याने आणखी एक फिरवला. मान जराशी झटकून, कुरकुरत. त्याला ऐकू येत होतं. माणसाला ऐकू येतंय हे त्याच्या पाठीवरूनही कळतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. दादाला ते कळलं असणार. चार महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं, पण रडायलाही श्वास पुरेना.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मशीन थांबलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ऊन दुसऱ्या खिडकीत गेलं होतं. मी भिंत धरून उठलो. भांडं तळापर्यंत पुरं झालं होतं. उन्हासमोर धरलं तर पलीकडून उजेड लालसर दिसत होता. इतकी पातळ भिंत मी जन्मात कातली नव्हती.

वहिनीला सगळं सांगून टाकायचं, असं तेव्हाच ठरवलं. वळलो तर ती दारातच उभी.

“वहिनी, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी...”

तिने भांडं माझ्या हातातून घेतलं. तळहाताने त्यावरचा भुसा पुसला.

“मी मघापासून इथेच आहे,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. “तुम्ही काम करत होता. आणि तिथे खाली बसून कुणीतरी सारखं बस, बस म्हणत होतं. मला इथे दारापर्यंत ऐकू येत होतं... तुम्ही थांबला का नाहीत, भावोजी?”

 ती भांडं छातीशी धरून निघून गेली. रविवारी गेली ती परत आली नाही. फोन करते, माझ्या तब्येतीची चौकशी करते, भांडं छान आहे म्हणते.

ती त्या गुरुवारचं विचारत होती की चार महिन्यांपूर्वीचं... ते मी तिला अजून विचारलेलं नाही.