चौथा पाय

पहिल्यांदा तो मला आरशात दिसला.

परभणीत वसमत रोडवरच्या एका फर्निचरच्या दुकानात मी नवीनच लागले होते. काम अगदी माझ्या आवडीचं. भिंतीला टेकून उभं राहणारं एक अरुंद, लांबट कन्सोल टेबल रोज नव्या शैलीत सजवायचं, फोटो टाकायचे आणि गिऱ्हाइकाला भुलवायचं. त्या दिवशी आधी भिंतीवर आरसा टांगला, काच पुसली… आणि माझ्या खांद्यामागे एक मुलगा उभा! मोरपंखी शर्ट, कानावर पेन्सिल, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

वळले – तर कुणीच नाही. नुसती कपाटांची रांग. अंगावर सर्रकन काटा आला.

"तुमच्या पायाखाली माझा पाय हाय," जमिनीतून आवाज आला.

मी किंचाळलेच. टेबलाखालून एक डोकं बाहेर आलं. तोच चेहरा, तीच पेन्सिल! शर्ट मात्र पांढरा, लाकडाच्या भुशाने माखलेला.

"माझा म्हंजे टेबलाचा. तीन बसवलेत, चौथा तुमी दाबून धरलाय."

खाली पाहिलं तर चपलेखाली लाकडाचा गुळगुळीत चौकोनी पाय. मी तो घाईघाईने उचलला, ओढणीने लख्ख पुसला आणि कपाळाला लावून त्याच्या हातात दिला. तो पायाकडे बघतच नव्हता… माझ्याकडे बघत होता.

"लाकडाला नमस्कार केलात. सुताराला न्हाई का?"

"आधी सुताराचं नाव तर कळू दे."

"भागवत. पिंगळीचा. आन् तुमी?"

"ज्ञानेश्वरी."

"बाप रे! एवढं मोठं नाव रोज घ्यायचं म्हंजे…"

"रोज कशाला घ्यायचंय?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि गपकन टेबलाखाली शिरला. मी हसत राहिले. शर्टाच्या रंगाचं काय ते काचेवर ढकललं आणि विसरून गेले.

टेबल कडुनिंबाचं होतं. पिंगळीच्या रस्त्यासाठी पाडलेलं झाड. जवळ गेलं की अजून कडवट वास यायचा.

सोमवारी मी स्कँडिनेव्हियन शैली मांडली. एक पांढरी फुलदाणी, दोन पुस्तकं, बाकी मोकळी जागा. मालक ओमप्रकाशशेठ म्हणाले, "पोरी, चोरी झाल्यावानी दिसायलंय हे!" बारा वाजता रोजच्यासारखी लाइट गेली. मी डबा खाऊन आले तर फुलदाणी डाव्या टोकाला सरकलेली, आणि पुस्तकांनी माझ्याकडे पाठ फिरवलेली.

मंगळवारी लोखंडी दिवा आणि जुना टाइपरायटर. एवढा जड टाइपरायटर, तोही डावीकडे. बुधवारी जपानी पद्धत केली, एक काळा दगड आणि एक वाळकी फांदी. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. दाराला कडी लावून समोर बसले. बारा वाजले, पंखा थांबला आणि तो दगड सावकाश, आवाज न करता, बैल दावणीकडे वळावा तसा डाव्या टोकाकडे निघाला.

मी खुर्चीसकट मागे सरकले.

गुरुवारी भागवत कपाटाच्या बिजागऱ्या बसवायला आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने टेबलावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा बरोबर मधे थांबला.

"सरळ हाय," तो पुटपुटला. मग खाली बसून डाव्या बाजूच्या पुढच्या पायावरून बोटं फिरवायला लागला, आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं?"

"काई न्हाई… तुमी दुपारी एकट्या बसू नका हितं."

शुक्रवारी गंगाखेडचे दिनकरराव वकील सपत्नीक टेबल बघायला आले. मी राजेशाही थाट केला होता. पितळी ताट, मखमल, काचेचा उंच दिवा. वकिलीणबाई खूश होऊन हात लावणार तेवढ्यात बारा वाजले. लाइट गेली. आमच्या डोळ्यांदेखत दिवा सरकत सरकत डाव्या कडेला गेला आणि खळ्ळकन फुटला.

"नीट ठेवता येत न्हाई तुला?" शेठ कडाडले. "सोमवारपासून येऊ नको!"

माझे डोळे भरून आले. हे काम गेलं तर पुण्याला मावशीकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि खरं सांगू? मला पुण्याला जाण्याचं नाही, पिंगळीचा सुतार दुरावण्याचं दुःख होत होतं.

"तिची चूक न्हाई, शेठ." भागवत पुढे आला. "हा डावीकडचा चौथा पाय म्या उलटा बसवलाय."

झाड उभं होतं तसंच लाकूड उभं राहायला पाहिजे, बुडखा खाली आणि शेंडा वर, हे आमच्याकडे सुताराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उलटं लाकूड घराला सुख लागू देत नाही म्हणतात. अशी चूक चारचौघांत कबूल करणं म्हणजे पिढीजात नावावर पाणी सोडणं.

"तुझ्या हातून?" शेठना खरंच वाटेना. "बुडख्याला पेन्सिलीची खूण करतोस ना रे?"

"केलती. पर त्या दिवशी हिनं पाय दिला… आन् म्या दिला तसा घेतला. खूण बघायची शुद्धच नव्हती मला."

वकिलीणबाई पदराआड हसल्या. मी मात्र हातातल्या ओढणीकडे पाहिलं.

"खूण मी पुसली," मी म्हणाले. "ह्या ओढणीनं. चूक निम्मी माझी."

शेठनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "परवा रविवारी पाय सरळ करा. बारा वाजता काई हललं न्हाई, तर सोमवारी ये. न्हाई तर दोघंबी या दुकानात दिसू नका."

रविवारी मी पोहोचले तेव्हा पाय फिरवून झाला होता आणि भागवत आतल्या नळावर हातपाय धूत होता. या खेपेला मी शैलीबिली बाजूला ठेवली. आईचा तांब्या, त्यात ज्वारीची कणसं, खालच्या फळीवर घडी घातलेली वाकळ, आणि कडुनिंबाची एक हिरवी डहाळी. बारा वाजले. लाइट गेली. मी श्वास रोखून आरशासमोर उभी राहिले.

कणीस हललं नाही. पानही नाही. कडवट वास तेवढा हळूहळू विरत गेला.

"ऱ्हायली की नोकरी," मागून आवाज आला. "आता तरी ते मोठं नाव रोज घेऊ का… जन्मभर?"

मी आरशात पाहिलं, आणि पुन्हा तोच काटा अंगावर आला. माझ्या खांद्यामागे तो उभा होता. मोरपंखी शर्ट, कानावर पेन्सिल, ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू.

"हा शर्ट… कधीचा आहे?"

"कालच घेतला, शनिवार बाजारात. तुमच्यासाठीच. का? शोभत न्हाई व्हय?"

या वेळी मात्र मला वळायची भीती वाटली. वळले आणि मागे कुणीच नसलं तर? मी आरशातली नजर न काढता हात तेवढा मागे केला.

त्याने तो धरला. हात गरम होता, खरबरीत होता, खरा होता.

"घे," मी म्हणाले. "रोज घे."